गणिताची उधारी: संगणकाच्या पदवीआधी बारावी सायन्स घ्यावी की पॉलिटेक्निक?

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावातल्या नेट कॅफेत पालकांची गर्दी होते आणि फॉर्म भरता भरता दुकानदारच सल्लागार होतो. "कॉम्प्युटर करायचं आहे ना, मग डिप्लोमा टाका, वर्ष वाचतं." शेजारचा म्हणतो, "नाही हो, डिप्लोमात वर्ष जातं, सायन्स घ्या." दोघंही चुकतात. कागदावर मांडून बघा: अकरावी-बारावीची २ आणि बीटेकची ४ मिळून ६. डिप्लोमाची ३ आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतल्यावर बीटेकची ३, तेही ६. एचएसव्हीसी, म्हणजे अकरावी-बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम, ज्याला गावात अजून एमसीव्हीसीच म्हणतात, त्याची २, मग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापासून २ आणि बीटेकची ३, एकूण ७. आयटीआयचा 'कोपा' (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) ट्रेड १, डिप्लोमा ३, बीटेक ३, पुन्हा ७. बारावीनंतर बीसीए केलं तर ५, पण त्यावर एमसीएची २ चढवली की ७.

म्हणजे पहिल्या दोन वाटांत वेळेचा काहीच फरक नाही. फरक आहे तो गणिताचा. संगणकाची पदवी कुठूनही गाठा, गणित एकदा नीट शिकावंच लागतं. ते बारावीत रोखीनं फेडायचं की कृषी केंद्रातल्या बियाण्यासारखं उधारीवर ठेवून पुढं फेडायचं, एवढंच आपल्या हातात असतं. या सगळ्या वाटा आम्ही याच काट्यावर तोलल्या आहेत.

सुरुवात अकरावी-बारावी सायन्सपासून. अभ्यासक्रम म्हणून राज्य मंडळाचं बारावीचं गणित संगणकासाठी फार चांगलं आहे आणि हे कोणी सांगत नाही. पुस्तकाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गणितीय तर्कशास्त्राचा. त्यात सत्यता सारण्या आहेत आणि शेवटी स्विचिंग सर्किट आहे: दोन कळा एकापुढे एक जोडल्या की 'आणि', शेजारी शेजारी जोडल्या की 'किंवा'. एकीत दोन्ही कळा दाबल्याशिवाय दिवा लागत नाही, दुसरीत कुठलीही एक दाबली तरी लागतो. पुढं बीटेकला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये अँड गेट, ऑर गेट म्हणून जे शिकवतात ते हेच, आणि डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सची सुरुवातही इथूनच. त्याच भागात मॅट्रिक्स, दुसऱ्या भागात विकलन, संकलन, अवकल समीकरणं, संभाव्यतेची वितरणं. ज्यानं हे दोन भाग खरोखर सोडवले, त्याच्या डोक्यावर पदवीच्या पहिल्या दिवशी उधारी नसते.

अडचण पुस्तकाची नाही, शिकवणाऱ्याची आहे. गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेण्याआधी इमारत पाहू नका, एकच प्रश्न विचारा: गणिताचे सर पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर? तासिका तत्त्वावरची नेमणूक लांबली तर पहिलं सत्र रिकामं जातं, आणि मग जानेवारीपर्यंतच्या ३ महिन्यांत ८० गुणांचा पेपर 'उरकला' जातो. दुसरा प्रश्न भौतिकशास्त्र-रसायनाच्या प्रयोगशाळेचा. लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं, त्यामुळे प्रयोग न करताही ३० पैकी बरे गुण पडतात आणि पालकांना वाटतं सगळं ठीक चाललंय. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, म्हणजे पसंतीक्रम भरायच्या आधीच ही चौकशी करून ठेवायला हवी. यादीत नाव लागल्यावर विचारून उपयोग नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांना आणखी एक ठेच लागते. दहावीपर्यंत अंकगणिती श्रेढी, वर्गसमीकरण, संभाव्यता असं शिकलेला मुलगा अकरावीत अरिथमेटिक प्रोग्रेशन, क्वाड्रॅटिक इक्वेशन, प्रोबॅबिलिटी ऐकतो आणि त्याला वाटतं हे काहीतरी नवीनच. नवीन काही नसतं, नाव बदललेलं असतं. दहावीच्या सुट्टीत दोन्ही भाषांतल्या शंभरेक संज्ञा समोरासमोर लिहून काढल्या तर अकरावीचा पहिला महिना वाचतो. सेमी इंग्रजीच्या मुलांना हे ओझं नसतं.

बीटेकसाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हवंच, गुण किमान ४५ टक्के, राज्यातल्या मागास प्रवर्गांसाठी ४० टक्के. आणि एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा. तिचं गणित समजून घ्या: १५० प्रश्न, २०० गुण, ३ तास. भौतिकशास्त्र आणि रसायन मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, ९० मिनिटं. गणिताचे फक्त ५० प्रश्न, पण प्रत्येकी २ गुण आणि त्यांना स्वतंत्र ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद आणि निम्मे गुण एकट्या गणिताचे. प्रश्न अकरावीवर साधारण २० टक्के आणि बारावीवर ८० टक्के. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं हा शुद्ध तोटा. परीक्षा संगणकावर असते. ज्यानं माउस कधी धरला नाही, त्याचा वेळ प्रश्न सोडवण्यात कमी आणि पान खाली-वर सरकवण्यात जास्त जातो. निदान ८-१० सराव परीक्षा कॉम्प्युटरवर बसून द्या, मोबाइलवर नव्हे.

आता 'टायअप'. नाव गावातल्या कॉलेजात, मुलगा अकोल्याच्या किंवा नागपूरच्या क्लासमध्ये. कास्तकार बाप दोन ठिकाणी पैसे भरतो: कॉलेजची फी, क्लासची फी, शिवाय खोली आणि मेस. हुशार आणि शिस्तीच्या पोट्ट्यांना याचा फायदा होतो, हे मान्य. पण जो ६५-७० टक्क्यांवर दहावी झाला आहे, तो शंभर-दीडशेच्या वर्गात मागच्या बाकावर दोन वर्षं बसून परत येतो. अशा मुलासाठी हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात वाईट सौदा आहे.

सायन्स घेतल्यावर पुढचा घोळ: बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घ्यावं की आयटी? दोन वेगळे माल आहेत. बायफोकल, म्हणजे सायन्ससोबत घ्यायचा व्यवसाय विषय, २०० गुणांचं असतं, दोन पेपर, प्रत्येकी ५० लेखी आणि ५० प्रात्यक्षिक. ते घेतलं की दुसरी भाषा सुटते, म्हणजे मराठीही सुटते. अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, एचटीएमएल एका बाजूला आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसर, ८०५१, नेटवर्किंग दुसऱ्या बाजूला. ८०८५ ही १९७६ ची चिप. जुनी म्हणून लोक नाक मुरडतात, पण रजिस्टर म्हणजे काय, स्टॅक कसा चढतो-उतरतो हे किटवर हातानं आकडे भरून बघण्यासारखं दुसरं साधन शाळेच्या पातळीवर नाही. गुणही भरघोस पडतात. आयटी हा विषय १०० गुणांचा, ८० गुणांची ऑनलाइन परीक्षा आणि २० प्रात्यक्षिक. त्यात वेब डिझाइन, जावास्क्रिप्ट, पीएचपी, ई-कॉमर्स. माल ताजा आहे, पण उथळ. पदवीच्या तयारीसाठी आमची पसंती बायफोकलला, तीही कॉलेजात चालू स्थितीतले किट आणि संगणक असतील तरच. आणि बायफोकल घेतलं म्हणून रसायनाकडे दुर्लक्ष करू नका. पात्रतेच्या नियमात तिसरा विषय म्हणून संगणक चालतो, सीईटीचा पेपर मात्र रसायनासकटच असतो.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा डिप्लोमा, ६ सेमिस्टर, दहावीच्या गुणांवर कॅप फेरीतून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश, सीईटी नाही, पात्रता ३५ टक्के. विदर्भात सरकारी तंत्रनिकेतनांची कमतरता नाही: नागपूरचं तर १९१४ पासूनचं आहे, शिवाय अमरावती, यवतमाळ, वाशीम, खामगाव, मूर्तिजापूर, आर्वी, साकोली, गोंदिया, ब्रह्मपुरी, गडचिरोली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी ही नावं वेगळी असली तरी पुढं पदवीसाठी फारसा फरक पडत नाही. नावापेक्षा सरकारी की खाजगी, आणि घरापासून किती लांब, हे आधी बघा.

डिप्लोमाची खरी ताकद हातात काम देण्यात आहे. पहिल्या वर्षी सी, तिसऱ्या सेमिस्टरला सी वापरून डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, सी प्लस प्लस, डिजिटल, मग जावा, नेटवर्क, मायक्रोप्रोसेसर, पायथन, पुढं ऑपरेटिंग सिस्टिम, अँड्रॉइड. बारावीतला मुलगा सीईटीचे प्रश्न सोडवत असतो तेव्हा इथला मुलगा प्रोग्राम लिहीत असतो. एक छोटीशी जागा जवळून बघा. सी च्या पहिल्याच आठवड्यात वापरकर्त्याकडून आकडा घ्यायला स्कॅनएफ शिकवतात. त्यात व्हेरिएबलच्या नावाआधी अँपरसँडचं चिन्ह लावायचं असतं. ते विसरलं तरी बऱ्याच लॅबमधला जुना कंपायलर गप्प बसतो, आणि प्रोग्राम चालवला की कोसळतो किंवा भलताच आकडा दाखवतो. कारण स्कॅनएफला आकडा ठेवायचा पत्ता हवा असतो. चिन्ह नसेल तर व्हेरिएबलमध्ये जो काही केरकचरा पडलेला असेल, त्यालाच ते पत्ता समजतं. ज्याला हे तेव्हा कळलं, त्याला तिसऱ्या सेमिस्टरला पॉइंटर आणि लिंक्ड लिस्ट कळते. ज्यानं 'सर म्हणाले म्हणून चिन्ह लावलं', तो लिंक्ड लिस्टपाशी अडकतो आणि तिथून पुढचं सगळं पाठांतर.

आणि डिप्लोमाचा सगळ्यात मोठा दोष याच पाठांतराला मिळणारं बळ. मंडळाचं प्रॅक्टिकल मॅन्युअल छापील असतं, रिकाम्या जागा भरायच्या असतात. सीनियरचं मॅन्युअल मिळालं की एकही प्रोग्राम न चालवता पानं भरतात. लाइट गेलेली, यूपीएसची बॅटरी बसलेली, ३० जणांच्या बॅचला १२ संगणक चालू, अशा लॅबमध्ये तर ही सोयच होऊन बसते. म्हणून तंत्रनिकेतन निवडताना सुट्टीच्या दिवशी नाही, चालू दिवशी दुपारी ३ वाजता लॅबमध्ये डोकवा. चालू संगणक मोजा. घरी स्वतःचा जुना लॅपटॉप असेल, ४ जीबी रॅमचा असला तरी, सी आणि पायथनसाठी तो भरपूर झाला. अँड्रॉइड स्टुडिओ मात्र त्यावर रांगतो.

आता उधारीचं. डिप्लोमाच्या पहिल्या सेमिस्टरला बेसिक मॅथेमॅटिक्स, दुसऱ्याला अप्लाइड मॅथेमॅटिक्स. संकलन आणि अवकल समीकरणं दुसऱ्या सेमिस्टरला येतात आणि मग गणित संपतं. पुढची चार सेमिस्टर गणिताचा पेपरच नाही. मुलगा थेट दुसऱ्या वर्षाला बीटेकला पोचतो, आणि बहुतेक विद्यापीठांत तिसऱ्या सेमिस्टरला समोर येतं इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचं तिसरं पुस्तक: लाप्लास ट्रान्सफॉर्म, फूरिये, संभाव्यता. लाप्लासचं एक साधं उदाहरण सोडवायला भागशः संकलन लागतं, उलटा लाप्लास काढायला आंशिक अपूर्णांक. दोन वर्षं धूळ खात पडलेलं हे सामान त्या आठवड्यात कुठून काढणार? शेजारी बसलेला बारावीवाला तेच पहिल्या वर्षी दुसऱ्यांदा करून आलेला असतो. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचीही तीच गत. उलट प्रोग्रामिंगच्या लॅबमध्ये डिप्लोमावाला राजा असतो आणि बारावीवाला त्याची वही मागतो. पहिल्या सेमिस्टरला केटी कोणाला कुठं लागणार, हे इतकं ठरलेलं असतं.

दुसरी गोष्ट जागांची, आणि इथं पालकांची फार दिशाभूल होते. "डिप्लोमा केला की सीईटी न देता सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज" हे वाक्य अर्धंच खरं. थेट दुसऱ्या वर्षाला मंजूर जागांच्या १० टक्के जास्तीच्या जागा आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा मिळतात. संगणक शाखा चांगल्या कॉलेजात रिकामी राहतच नाही. म्हणजे ६० च्या वर्गात ६ जागा, त्याही प्रवर्गनिहाय वाटलेल्या. गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या गुणांवर लागते आणि नव्वदीच्या खाली तिथं कोणी विचारत नाही. खाजगी कॉलेजात जागा मिळते, ती प्रत्येकाला मिळते. आणि नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटीत थेट दुसऱ्या वर्षाचं दारच नाही. ज्या मुलीचं किंवा मुलाचं डोकं तिथपर्यंत जाण्याजोगं आहे, तिला डिप्लोमाला टाकणं म्हणजे उभ्या पिकात गुरं सोडणं.

डिप्लोमावरच थांबून नोकरीचा विचार असेल तर तोही स्वच्छ करून घ्या. सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमावाल्यांसाठी सरकारी खात्यांत कनिष्ठ अभियंत्याच्या जागा निघतात. संगणकाच्या डिप्लोमाला तसा मोठा रस्ता नाही. संगणकात डिप्लोमा हा थांबा आहे, मुक्काम नव्हे.

एचएसव्हीसीबद्दल थोडक्यात. इंग्रजी, आणखी एक भाषा, फाउंडेशन कोर्स आणि व्यवसायाचे तीन पेपर. कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी गटात जोडणी, दुरुस्ती, नेटवर्कचं काम बऱ्यापैकी शिकवतात आणि १८ व्या वर्षी दुरुस्तीचं दुकान टाकायचं असेल तर चांगलं आहे. पण गणित नाही, भौतिकशास्त्र नाही, म्हणून बारावीनंतर थेट बीटेकचा दरवाजा बंद. उरतो डिप्लोमाचं दुसरं वर्ष. तिथं गेल्या गेल्या सी मधलं डेटा स्ट्रक्चर सुरू होतं, आणि सी तर पहिल्या वर्षी झालेलं असतं. म्हणजे प्रोग्रामिंगचीही उधारी आणि गणिताचीही. पुढं बीटेकला पोचेपर्यंत या मुलानं दहावीनंतर गणिताचा एकही पेपर दिलेला नसतो. पदवीचं ठरलेलं असेल तर ही वाट घेऊ नका, एवढं स्पष्ट बोललेलं बरं.

कोपा त्याहून छोटा. एका वर्षात ऑफिसची सॉफ्टवेअर, थोडं वेब, थोडं प्रोग्रामिंग. ऑपरेटरची नोकरी, सेतू केंद्र, ग्रामपंचायतीचं काम यांसाठी उपयोगी. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट जायला २ वर्षांचा आयटीआय लागतो, कोपा १ वर्षाचा, म्हणून डिप्लोमाला पहिल्यापासूनच बसावं लागतं.

बारावीत भौतिकशास्त्र जमत नाही, गणिताचा धसका आहे, पण संगणक हवाच, अशांनी बीसीए किंवा नागपूर विद्यापीठाचं जुनं ओळखीचं बीसीसीए (संगणकाची जोड असलेली कॉमर्सची पदवी) बघावं. बीसीए आता एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीत आहे आणि २०२४ पासून त्यालाही सीईटी आहे: १०० प्रश्न, ९० मिनिटं, त्यातले ४० इंग्रजीचे. गावाकडची मुलं गणिताला घाबरून इकडं येतात आणि इंग्रजीत अडकतात. फॉर्मची तारीख चुकवणारे तर दरवर्षी असतात, कारण बीसीएला सीईटी असते हेच अजून अनेकांच्या कानावर गेलेलं नाही.

खर्चाचे दोन-तीन मुद्दे निवड फिरवू शकतात. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत. तंत्रनिकेतनात जाणाऱ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तिसरा हिस्सा भरावाच लागतो. ३०-३५ किलोमीटरच्या वर रोजची ये-जा करू नका. प्रॅक्टिकल ५ ला संपतं आणि शेवटची बस साडेपाचला असते, मग मुलं प्रॅक्टिकल अर्धवट टाकून पळतात. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घाईनं जागा घेतली की माफी गेली. मुलांसाठी राजर्षी शाहू योजना आणि अल्पभूधारकांच्या पाल्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, दोन्ही महाडीबीटीवर. जात वैधतेचा अर्ज बारावीवाल्यांनी अकरावीतच आणि डिप्लोमावाल्यांनी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कॉलेजमार्फत टाकावा. जूनमध्ये धावपळ करणाऱ्यांची जागा खुल्या प्रवर्गात जाते.

तर निवड अशी. दहावीला गणितात ८० च्या पुढं, तालुक्यात पूर्णवेळ गणिताचे सर: सायन्स, बायफोकलसकट. दहावीला ६० ते ८०, हातानं करून बघायची आवड, आणि ३० किलोमीटरच्या आत सरकारी तंत्रनिकेतन: डिप्लोमा, डोळे मिटून. सायन्सला शिक्षक नाही आणि तंत्रनिकेतनही लांब, तर वसतिगृह मिळणारं सरकारी तंत्रनिकेतन आधी, टायअप शेवटी.

डिप्लोमा घेणाऱ्यांसाठी उधारी फेडायची एक स्वस्त सोय आहे. सहाव्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर आणि बीटेकचे वर्ग यांच्यामध्ये साधारण आठ आठवडे मिळतात. बालभारतीच्या संकेतस्थळावरून बारावीच्या गणिताचे दोन्ही भाग फुकट उतरवून घ्या. पहिल्या भागातले तर्कशास्त्र आणि मॅट्रिक्स हे दोन धडे पहिल्या दोन आठवड्यांत. दुसऱ्या भागातलं अनिश्चित संकलन हा एकटा धडा तीन आठवडे खाईल, खाऊ द्या, त्यातही भागशः संकलन आणि आंशिक अपूर्णांक रोज दहा गणितं. मग एक आठवडा अवकल समीकरणं, एक संभाव्यता वितरणाला, आणि शेवटचा आठवडा मागं राहिलेल्या गणितांना. रेषा, प्रतल आणि रेषीय नियोजन (लिनिअर प्रोग्रॅमिंग) सोडून दिलं तरी चालेल.